कीटकांच्या जनुकसंचाचे क्रमनिर्धारण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागात प्राणिशास्त्र शिकणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि काही शेतकरी मला जे प्रश्न पाठवतात, त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तेथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ‘वाण’ हा शब्द शेतकरी बियाण्यासाठी ज्या अर्थाने वापरतात, त्याच अर्थाने येथे वापरला आहे.

१. जनुकसंच म्हणजे काय, आणि त्याचे क्रमनिर्धारण म्हणजे नेमके काय करतात?

कोणत्याही सजीवाच्या पेशीत डीएनएचे लांब धागे असतात. या धाग्यांवर ए, टी, जी आणि सी या चार घटकांची रांग असते. एका पेशीतील गुणसूत्रांचा एक पूर्ण संच घेतला, तर त्यावरील सगळा मजकूर म्हणजे जनुकसंच किंवा जिनोम होय. ही चार अक्षरे कोणत्या क्रमाने आली आहेत हे शोधून नोंदवणे म्हणजे क्रमनिर्धारण. प्रयोगशाळेत त्याला सर्रास सिक्वेन्सिंग म्हणतात. येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करावी लागते. अक्षरांचा क्रम कळला म्हणजे मजकुराचा अर्थ कळला असे होत नाही. कोणता भाग जनुक आहे आणि ते जनुक काय काम करते, हे शोधण्याचे काम वेगळे असते आणि ते पुष्कळ वर्षे चालते (प्रश्न ९ पाहा).

२. हजारो कीटक असताना काही मोजकेच ‘मॉडेल’ का मानले जातात?

जो कीटक प्रयोगशाळेत सहज वाढतो, ज्याची पिढी लवकर येते आणि ज्याच्यावर आधीच भरपूर काम झालेले असते, तो मॉडेल ठरतो. ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर ही फळमाशी २५ अंश सेल्सिअसला सुमारे दहा दिवसांत अंड्यापासून प्रौढ होते आणि तिच्यात गुणसूत्रांच्या अवघ्या चार जोड्या असतात. थॉमस हंट मॉर्गन यांनी १९१० मध्ये तिच्यातील पांढऱ्या डोळ्यांचा नर अभ्यासला, आणि तेव्हापासून तिच्यावरील काम थांबलेले नाही. तिचा जनुकसंच मार्च २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर २००२ मध्ये हिवतापाचा डास ॲनोफिलिस गॅम्बिई, २००४ मध्ये रेशीमकिडा, २००६ मध्ये युरोपीय मधमाशी, २००८ मध्ये पिठातील तांबडा भुंगेरा आणि २०१० मध्ये वाटाण्यावरील मावा असा क्रम लागला. माणसातील रोगांशी संबंधित ज्ञात जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांचे नातलग फळमाशीत सापडतात, त्यामुळे तिच्यावर केलेले काम तिच्यापुरते राहत नाही.

३. आंब्यात अळ्या पाडणारी फळमाशी आणि प्रयोगशाळेतील फळमाशी एकच का?

एकच नव्हे. मराठीत दोघींना एकच नाव पडल्यामुळे हा घोटाळा दरवर्षी होतो. आंबा, पेरू आणि काकडीवर्गीय फळांत अळ्या पाडणारी माशी बॅक्ट्रोसेरा प्रजातीतील असते. ती घरमाशीएवढी असून चांगल्या फळाच्या सालीत अंडी घालते. प्रयोगशाळेतील माशी म्हणजे पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांवर किंवा फणसाच्या गऱ्यांच्या चोथ्यावर घोंगावणारे, दोन-तीन मिलिमीटरचे, लाल डोळ्यांचे चिलट. ते आंबलेल्या फळावरील यीस्टवर जगते आणि पिकाचे नुकसान करीत नाही. दोघींची कुळे वेगळी आहेत आणि जनुकसंचही वेगळे आहेत. शेतीविषयक बातमीत ‘फळमाशीचा जनुकसंच’ असे शब्द आले, तर आधी शास्त्रीय नाव पाहावे.

४. प्रत्यक्षात हा क्रम वाचतात कसा? यंत्रात कीटक घातला की उत्तर येते का?

आजचे कोणतेही यंत्र पूर्ण गुणसूत्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाचत नाही. आधी कीटकापासून डीएनए वेगळा करतात, त्याचे असंख्य तुकडे करतात, प्रत्येक तुकडा वाचतात, आणि मग संगणकावर एकमेकांवर येणाऱ्या कडा जुळवून मूळ मजकूर उभा करतात.

वर्गात हे समजावताना मी भजनाच्या वहीचे उदाहरण देतो. एकाच वहीच्या पन्नास प्रती काढल्या, प्रत्येक प्रत वेगवेगळ्या ठिकाणी कात्रीने कापली आणि सगळे तुकडे एका पोत्यात मिसळले, असे समजा. एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळतो, त्यामुळे चिकाटीने वही पुन्हा जुळवता येते. अडचण येते ती ध्रुवपदाशी. ते प्रत्येक कडव्यानंतर येते, म्हणून ज्या तुकड्यावर फक्त ध्रुवपद आहे तो कोणत्या कडव्यानंतरचा हे कोणीही सांगू शकत नाही. तुकडा इतका लांब असेल की त्यावर मागचे कडवे, ध्रुवपद आणि पुढचे कडवे हे तिन्ही येतात, तरच जागा ठरते.

कीटकांच्या जनुकसंचात अशी पुनरावृत्ती विपुल असते. इल्युमिना पद्धतीचे तुकडे साधारण १५० अक्षरांचे असतात. ते अचूक आणि स्वस्त असले, तरी ध्रुवपदाशी अडतात. पॅकबायोच्या अचूक पद्धतीत तुकडा साधारण दहा ते वीस हजार अक्षरांचा असतो, आणि नॅनोपोअर पद्धतीत लाखभर अक्षरांचे तुकडेही मिळतात. शेवटी पेशीत डीएनएचे कोणते भाग एकमेकांजवळ असतात हे सांगणारी हाय-सी नावाची पद्धत वापरून जुळलेले भाग गुणसूत्रांवर बसवतात. फळमाशीचे २००० सालचे काम जुन्या सँगर पद्धतीने झाले होते. तेव्हा सुमारे १८ कोटी अक्षरांपैकी १२ कोटी जुळली. उरलेला सुमारे एक तृतीयांश भाग मुख्यतः पुनरावृत्तीचा होता.

५. ‘फळमाशीचा जनुकसंच’ म्हणजे सगळ्या फळमाश्यांचा का?

नाही, आणि या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर मी हेच मानतो. कोणताही प्रसिद्ध जनुकसंच हा एका ठरावीक वाणाचा असतो. शेतकऱ्याला ‘भात लावला’ एवढे सांगून समाधान होत नाही, तो लगेच ‘कोणता?’ असे विचारतो. जनुकसंचाबाबतही तोच प्रश्न आधी विचारला पाहिजे.

याचे कारण जुळणीत आहे. बहुतेक कीटकांना आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन संच मिळतात. रानातून पकडलेल्या कीटकात हे दोन संच बऱ्याच ठिकाणी वेगळे असतात, आणि प्रश्न ४ मधील पोत्यात दोन वेगळ्या पाठांच्या वह्या मिसळल्यासारखी स्थिती होते. संगणक एकाच जनुकाचे दोन पाठ दोन वेगळी जनुके म्हणून मोजतो, किंवा जुळणी तेथे तुटते. म्हणून पूर्वी कीटकांचे अनेक पिढ्या सख्ख्या भावंडांत संकर करून दोन्ही संच जवळजवळ सारखे करून घेत. तांबड्या भुंगेऱ्याचा जीए-टू हा वाण अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या वाणापासून अशा २० पिढ्यांनी तयार केला होता.

फळमाशीच्या संदर्भ-वाणात तर शरीर पिवळसर आणि डोळे पांढरे आहेत. म्हणजे जगभर ज्या माशीचा क्रम प्रमाण मानला जातो, ती आपल्या स्वयंपाकघरातील केळ्यांवर बसलेल्या लाल डोळ्यांच्या चिलटासारखी दिसतही नाही. तिचा क्रम उत्तम आधार आहे, परंतु खानापूरच्या चिलटात तोच क्रम अक्षरशः असेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही (प्रश्न १६ पाहा).

६. मधमाशीत नरच का निवडतात?

मधमाशीचा नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो. त्याला बाप नसतो, म्हणून त्याच्यात गुणसूत्रांचा एकच संच, म्हणजे १६ गुणसूत्रे असतात. राणी आणि कामकरी माशीत ३२ असतात. एकच संच असल्यामुळे प्रश्न ५ मधील दोन पाठांची अडचण मुळातच येत नाही. २००६ मधील जनुकसंच नरांच्याच डीएनएवरून तयार झाला. तो युरोपीय मधमाशीचा आहे. आपल्याकडे पेट्यांत पाळली जाणारी सातेरी ही वेगळी जाती असून तिच्या जातीचा जनुकसंच २०१५ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. आग्या आणि फुलोरी माश्या या दोन्हींहून निराळ्या आहेत.

७. एवढ्याशा कीटकातून पुरेसा डीएनए मिळतो का?

पूर्वी मिळत नसे, म्हणून एकाच वाणाचे शेकडो कीटक एकत्र करावे लागत. २०१९ मध्ये ॲनोफिलिस कोलुझ्झिई या डासाच्या एकाच मादीपासून मिळालेल्या सुमारे १०० नॅनोग्रॅम डीएनएवर लांब तुकड्यांच्या पद्धतीने पूर्ण जुळणी करण्यात आली, आणि तेव्हापासून हे चित्र बदलले.

डीएनए किती आहे याइतकेच तो अखंड आहे का हे महत्त्वाचे असते. मेलेला कीटक दोन दिवस पाकिटात राहिला, तर डीएनए तुटतो आणि लांब तुकडे मिळत नाहीत. फॉर्मलीनमध्ये ठेवलेला नमुना या कामासाठी जवळजवळ वाया जातो. जिवंत कीटक द्रव नायट्रोजनमध्ये क्षणात गोठवून पुढे उणे ८० अंशांवर ठेवणे सर्वांत चांगले. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी रेतमात्रा ज्या डब्यात ठेवतात, त्यात हाच उणे १९६ अंशांचा द्रव असतो, त्यामुळे ग्रामीण भागातही तो अगदीच अप्राप्य नाही.

८. कीटक लहान, म्हणजे जनुकसंचही लहान असणार ना?

शरीराचा आकार आणि जनुकसंचाचा आकार यांचा असा सरळ संबंध नाही. अंटार्क्टिकावरील बेल्जिका नावाच्या बिनपंखी माशीत सुमारे ९.९ कोटी अक्षरे आहेत, फळमाशीत सुमारे १८ कोटी, डेंगीच्या एडिस इजिप्ती डासात सुमारे १२८ कोटी, तर स्थलांतरी टोळात सुमारे ६५० कोटी, म्हणजे माणसाच्या दुपटीहून अधिक. जनुकांची संख्या मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. फळमाशी आणि एडिस यांच्यात प्रथिने घडवणारी जनुके प्रत्येकी चौदा हजारांच्या आसपासच आहेत. फरक पडतो तो स्वतःच्या प्रती काढून इकडेतिकडे शिरणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांमुळे. एडिसच्या जनुकसंचाचा निम्म्याहून अधिक भाग अशाच तुकड्यांनी व्यापला आहे.

९. एकदा जनुकसंच प्रसिद्ध झाला की काम संपले ना?

पहिली प्रसिद्धी म्हणजे पहिली आवृत्ती समजावी. मधमाशीत २००६ मध्ये सुमारे दहा हजार जनुके मोजली गेली. मधल्या काळात क्रमनिर्धारण सुधारले, पेशीत प्रत्यक्ष कोणती जनुके चालू असतात याची माहिती जोडली गेली, आणि २०१४ मध्ये तीच संख्या पंधरा हजारांच्या वर गेली. माश्यांत काही बदल झाला नव्हता, आपली वाचनाची रीत सुधारली होती. एडिस डासाचा २००७ मधील जनुकसंच हजारो सुट्या भागांत विखुरलेला होता. २०१८ मध्ये तो तीन गुणसूत्रांवर नीट बसवला गेला. म्हणून कोणताही आकडा लिहिताना तो कोणत्या आवृत्तीतील आहे हे लिहिले नाही, तर पुढच्या वाचकाला तो तपासता येत नाही.

१०. कीटकाच्या पोटातील जंतूंचा डीएनए त्यात मिसळत नाही का?

निश्चित मिसळतो, आणि तो ओळखून बाजूला काढणे हा कामाचा मोठा भाग आहे. आतड्यातील जीवाणू, खाल्लेले अन्न आणि पेशीत राहणारे सहजीवी जीवाणू या सर्वांचे तुकडे त्या पोत्यात येतात. मावा कीटकाच्या पेशीत बुखनेरा नावाचा जीवाणू पिढ्यान्‌पिढ्या राहतो. मावा रसातून मिळत नसलेली काही आवश्यक द्रव्ये त्याच्याकडून घेतो, त्यामुळे दोघांचा डीएनए सोबतच निघतो.

मात्र जीवाणूचा दिसणारा प्रत्येक तुकडा टाकून देणेही चुकीचे ठरू शकते. ड्रॉसोफिला अननासी ही भारतात सर्वत्र आढळणारी माशी आहे. तिच्या काही वंशांत वोल्बाकिया या जीवाणूचा जवळजवळ संपूर्ण जनुकसंच माशीच्याच गुणसूत्रात शिरलेला असल्याचे २००७ मध्ये दाखवण्यात आले. तेथे तो ‘कचरा’ म्हणून काढला असता, तर माशीचाच एक भाग हरवला असता. जीवाणूच्या तुकड्याला लागून माशीचा क्रम सलग येतो का, हे लांब तुकड्यांवर तपासणे हाच खरा उपाय आहे.

११. आम्ही ऊस, मका आणि तंबाखू करतो. आम्हाला याचा काय उपयोग?

उद्याच फवारणी थांबेल असे मी सांगणार नाही, परंतु उपयोग खरा आहे. साठवणीचेच उदाहरण घ्या. गोदामातील धान्याला फॉस्फिन वायूची धुरी देतात, आणि तांबडा भुंगेरा व धान्य पोखरणारा छोटा भुंगेरा यांच्यात या वायूला न जुमानणारे गट निर्माण झाले आहेत. हा प्रतिकार ज्या जनुकांमुळे येतो, त्यांपैकी एक जनुक २०१२ मध्ये या दोन्ही कीटकांत निश्चित करता आले. जनुकसंच हाताशी नसता, तर दोन वेगळ्या किडींत एकच जनुक कारणीभूत आहे हे दिसणे फार अवघड होते. अशा माहितीवरून गोदामातील मूठभर किडे तपासून धुरी लागू पडेल की नाही याचा अंदाज बांधता येतो.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकातच आढळली. तिचा जनुकसंच २०१७ मध्येच प्रसिद्ध झालेला होता. तिच्यात मक्यावर वाढणारा आणि भातावर वाढणारा असे दोन गट आहेत, आणि ते डोळ्यांना सारखेच दिसतात. फरक कळतो तो क्रमावरूनच.

निपाणीहून तंबाखूच्या अळीबद्दल हमखास विचारणा होते. प्रयोगशाळेतील प्रसिद्ध मॉडेल असलेली मॅन्डुका सेक्स्टा ही तंबाखूवरील अळी अमेरिकेतील आहे. तिचा जनुकसंच २०१६ मध्ये आला. आपल्याकडील पाने खाणारी अळी स्पोडोप्टेरा लिट्युरा ही वेगळी असून तिचा जनुकसंच २०१७ मध्ये आला. चव ओळखणारी आणि विषारी द्रव्ये निष्प्रभ करणारी जनुके तिच्यात फार वाढलेली दिसतात, आणि ही अळी तंबाखूपासून सोयाबीनपर्यंत इतक्या पिकांवर कशी जगते, याचे बरेचसे उत्तर त्यात आहे.

१२. डासांचा जनुकसंच कळल्यामुळे डेंगी आणि हिवताप थांबेल का?

थेट नाही. जनुकसंचामुळे कोठे घाव घालावा हे कळते. ॲनोफिलिस गॅम्बिईत नर-मादीचे रूप ठरवणाऱ्या ‘डबलसेक्स’ या जनुकाचा एक छोटा भाग जवळजवळ बदलत नाही, हे अनेक डासांचे क्रम ताडून पाहिल्यावर लक्षात आले. त्या भागावर बेतलेल्या जनुकीय बदलाने २०१८ मधील प्रयोगात पिंजऱ्यांतील डासांची संख्या काही पिढ्यांत शून्यावर आली. तो प्रयोग बंद प्रयोगशाळेतील होता, हे विसरू नये. भारतातील शहरी हिवतापाचा मुख्य वाहक ॲनोफिलिस स्टिफेन्सी हा आहे आणि त्याच्या भारतीय वाणाची गुणसूत्रांपर्यंत नीट बसवलेली जुळणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली.

१३. भीमगडच्या जंगलातील फुलपाखरे किंवा भुंगे पकडून क्रमनिर्धारणासाठी पाठवता येतील का?

परवानगीशिवाय नाही. भीमगड हे अभयारण्य आहे, आणि तेथून कोणताही जीव नेण्यासाठी वन विभागाची लेखी परवानगी लागते. काही फुलपाखरे आणि भुंगे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत असल्यामुळे अभयारण्याबाहेरही त्यांना हात लावता येत नाही. नमुना परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला द्यायचा असेल, तर जैविक विविधता अधिनियम, २००२ लागू होतो आणि चेन्नईतील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावे लागते. घरातील चिलट किंवा पिठातील भुंगेरा महाविद्यालयात वाढवण्यास यांपैकी कशाचीही अडचण नाही.

१४. आमच्या महाविद्यालयात यंत्र नाही. मग आम्ही काय करू शकतो?

जवळजवळ सर्व प्रसिद्ध क्रम विनामूल्य उपलब्ध आहेत. फळमाशीसाठी फ्लायबेस, सर्व सजीवांसाठी एनसीबीआय, आणि २०२२ पासून फरिदाबादचे भारतीय जैविक डेटा केंद्र आहे. साधा संगणक आणि इंटरनेट यांवर एखाद्या जनुकाचे दहा कीटकांतील क्रम ताडून पाहणे हा पदवीच्या विद्यार्थ्याला पूर्णपणे झेपणारा प्रकल्प आहे.

त्याच्या जोडीला माश्या वाढवाव्यात, असा माझा आग्रह आहे. कीटक पाहिलाच नाही, तर अक्षरांना आकार येत नाही. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम गूळ आणि १० ग्रॅम अगर शिजवावे, थोडे निवल्यावर ७.५ मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल घालावे, बाटल्यांत ओतून वर यीस्ट भुरभुरावे आणि कापसाचा बोळा लावावा. आपल्याकडचा गूळ यासाठी उत्तम चालतो. शुद्ध वाण मात्र घरी पकडून मिळत नाही. तो म्हैसूर विद्यापीठाच्या ड्रॉसोफिला साठा केंद्रासारख्या ठिकाणाहून मागवावा.

तापमानाकडे लक्ष ठेवावे. एका एप्रिलमध्ये दोन दिवस वीज नव्हती आणि आमच्या खोलीतील बाटल्या ३० अंशांच्या वर राहिल्या. त्या उष्णतेत वाढून बाहेर पडलेल्या माश्या धडधाकट दिसत होत्या, माद्या अंडीही घालत होत्या. पण आठवडा गेला तरी रव्यात एकही अळी वळवळताना दिसेना. त्या तापमानाला वाढलेले नर वांझ होतात. चार वर्षे जपलेला वाण असा गेला. तेव्हापासून प्रत्येक वाणाच्या दोन बाटल्या मी दुसऱ्या इमारतीत ठेवतो.

१५. आम्ही ‘जनुक’ म्हणतो, कन्नड माध्यमातील मित्र ‘वंशवाही’ म्हणतात, परीक्षा इंग्रजीत. नेमका कोणता शब्द वापरावा?

तिन्ही बरोबर आहेत. आपले गुणसूत्र म्हणजे कन्नडमधील वर्णतंतू. क्रोमोसोम या ग्रीक घडणीच्या शब्दात मुळात रंगच आहे, त्यामुळे तो कन्नड शब्द मला फार नेमका वाटतो. वहीच्या शेवटच्या पानावर तिन्ही भाषांतील शब्द शेजारीशेजारी लिहून ठेवावेत. जनुकाचे अधिकृत नाव मात्र भाषांतरित करू नये.

त्या नावांतही एक खाच आहे. फळमाशीतील जनुकांना बहुधा ते बिघडल्यावर जे दिसते त्यावरून नाव मिळते. ‘व्हाइट’ हे जनुक शाबूत असेल तर डोळे लाल होतात. ते बिघडले की पांढरे. आणि प्रश्न ५ मधील संदर्भ-वाणाचे डोळे पांढरे असूनही त्यातील ‘व्हाइट’ जनुक शाबूत आहे. तेथे ‘सिनाबार’ आणि ‘ब्राऊन’ ही दोन जनुके बिघडलेली आहेत. एका बिघाडामुळे तपकिरी रंगद्रव्य बनत नाही, दुसऱ्यामुळे लाल बनत नाही, आणि दोन्ही गेल्यावर डोळा पांढरा राहतो. तोंडी परीक्षेत यावर चांगले विद्यार्थीही अडखळतात.

१६. माझ्या चिलटातील जनुकाचा क्रम संदर्भाशी जुळत नाही. चूक माझी की त्यांची?

बहुधा कोणाचीच नाही. पण ते ठरवण्याआधी क्रमाने तपासावे. प्रथम जाती पक्की करावी, कारण केळ्यांवर मेलानोगॅस्टरसोबत अननासीसारख्या इतर जातीही येतात आणि नुसत्या डोळ्यांना त्या सारख्याच वाटतात. मग आपल्या वाचनाची गुणवत्ता पाहावी. तुकड्याच्या दोन्ही टोकांची अक्षरे बऱ्याचदा अविश्वसनीय असतात. एकाच जागी दोन अक्षरे दिसत असतील, तर ते आईबापांकडून आलेले दोन पाठ असू शकतात. त्यानंतर संदर्भ कोणत्या वाणाचा आणि कोणत्या आवृत्तीचा आहे ते पाहावे. जुन्या आवृत्तीतील चूक नव्या आवृत्तीत दुरुस्त झालेली असू शकते. एवढे करूनही फरक उरला आणि तो दुसऱ्या बाटलीतील माशीतही दिसला, तर तो आपल्या भागातील माश्यांचा खरा फरक आहे असे समजून नोंदवावा. नोंदीत माशी कोणत्या गावातून, कोणत्या तारखेला, कोणत्या फळावर पकडली हे लिहावे, आणि तिच्या पिल्लांची बाटली चालू ठेवावी.